केटली वार, काका?

माझ्या संसाराला सहावार काकांनी सहापैकी पावणेचार वार दिले आहेत. माझी बायको सुषमा म्हणते, त्यातले सव्वातीन तिचे आणि अर्धा माझा. मी हा निकाल निमूट मान्य केला आहे, कारण काकांच्या कोर्टात अपील नसतं.

काका आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट वारात मोजतात. पूर्ण म्हणजे सहा वार. सुषमाचा उपमा सव्वाचार ("मीठ पाव वार मागं राहिलं, सूनबाई"), सोसायटीची नवी लिफ्ट दोन, आणि गणपतीत मी केलेलं भाषण दीड. "सुरुवातीला जरा बुट्टा दिसला भो, मग नुसतं ग्रे." ग्रे म्हणजे छपाई न झालेलं कोरं कापड. सुरतेत राहून इतकं मलाही कळतं. ज्या अर्थी माझ्या भाषणाला ते कोरं कापड म्हणाले, त्या अर्थी त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं होतं. तसं ऐकणारे ते एकटेच.

त्यांच्यापुढे "खूप" आणि "बरंच" हे शब्द वापरायची सोय नाही. बाजारात खूप गर्दी होती म्हटलं की ते मान तिरकी करतात. "खूप म्हंजे? मापात सांगा." मला बरं वाटत नाही म्हटलं तरी, "किती बरं वाटत नाही? मापात सांगा." एकदा तापात मी "अडीच वार" असं कण्हत उत्तर दिलं, तेव्हा सुषमाने डॉक्टर बदलायचा की शेजार, असा प्रश्न घरात उपस्थित केला होता.

त्यांचं खरं नाव भास्कर निंबा पाटील. ते रेशन कार्डावर आहे आणि तिथेच राहतं. एकोणिसाव्या वर्षी ते यावलकडच्या केळीच्या बागांतून उठून थेट सुरतेतल्या उधन्याच्या एका कपडा मिलच्या फोल्डिंग खात्यात आले. तयार कापड मोजायचं, घडी घालायची, छपाईत डाग किंवा चूक दिसली तर ते सेकंड म्हणून बाजूला टाकायचं, हे काम. पहिल्याच दिवशी शेठ फेरीवर आले आणि घड्याळाकडे बघत विचारते झाले, "केटली वार?" गुजरातीत याचा अर्थ, किती वेळ लागणार? काकांना तेव्हा गुजराती येत नव्हतं, पण वार म्हणजे काय हे नऊवारी नेसणाऱ्या आईच्या पोराला सांगावं लागत नाही. ते ताठ उभे राहून ओरडले, "सहा वार, शेठ!"

सगळं खातं हसलं. शेठही हसले. त्या दिवसापासून भास्कर पाटील संपले आणि सहावार सुरू झाले. पुढे सगळी सुरत मीटरवर गेली, काका वारावरच राहिले. "मीटर सरकारचा. वार बाईचा," असं ते म्हणतात. हे अजून कुणी खोडून काढलेलं नाही, म्हणून ते खरं असावं.

मी मूळचा साताऱ्याचा. बँकेने तीन वर्षांसाठी सुरतेला पाठवलं आणि पुढे बँक मला विसरली, त्यालाही आता बावीस वर्षं होतील. काकांशी माझी गाठ पडली ती ते निवृत्त झाल्यावर. एका ट्रस्टने त्यांना लूमच्या गल्लीत एक खोली आणि चार संगणक दिले होते. लूमवर काम करणाऱ्यांच्या पोरांना आणि घरी बसून साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बायांना साडीचं डिझाइन शिकवायचं. चित्र शिकवायला आठवड्यातून तीनदा एक बाई यायच्या, संगणकाला एक मुलगा. काकांकडे काय होतं? नियोजन आणि मोजमाप.

ट्रस्टचा फॉर्म पहिल्यांदा हातात आला तेव्हा ते अक्षरशः धावत माझ्याकडे आले होते. "साहेब, हे वाचा! मोजता येण्याजोगे परिणाम! जगात कोणीतरी शहाणं शिल्लक आहे भो!"

लगेच त्यांनी वर्गाच्या भिंतीवर दारापासून खडूने सहा वारांची रेघ आखायला घेतली. खोली निघाली सोळा फुटांची. सहा वार म्हणजे अठरा. काकांनी आयुष्यात कधी माप सोडलेलं नाही. त्यांनी रेघ खिडकीतून बाहेर नेली आणि उरलेले दोन फूट बाहेरच्या भिंतीवर आखले. मी हसलो तर म्हणाले, "बरोबरच आहे ते. शेवटचं माप वर्गात मावत नसतं."

प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक कोरी पांढरी साडी मिळायची. जसजसं येईल तसतसं त्या साडीवर काढायचं, आणि जितके वार काकांच्या पसंतीला उतरतील तितके भिंतीवरच्या रेघेवर पुढे सरकायचं. पहिल्या वारात पेन्सिलीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. यंदाच्या तुकडीला त्यांनी भाजीबाजारात पाठवलं आणि परत आल्यावर विचारलं, "हिरवे किती दिसले?" दीपक नावाचा पोरगा म्हणाला, "खूप." त्याला परत पाठवलं. अलका म्हणून एक बाई होत्या, खडे चिकटवून चिकटवून बोटांची टोकं गुळगुळीत झालेल्या. त्या म्हणाल्या, "अकरा. गिलक्याचे दोन, एक उन्हातला नि एक टोपलीतला." काकांनी तिथल्या तिथे पाव वार दिला. अलकाताईंना रडू आलं. बक्षीस म्हणून कुणी पाव वार दिल्याने रडलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

खिडकीबाहेरच्या दोन फुटांचा अर्थ मला पुढे कळला, तोही सिटी बसच्या स्टॉपवर. मी आणि काका उभे होतो. समोर एक बाई, साडी साधी, जांभळट. काका एकाएकी वाकले आणि तिच्या पदराकडे टक लावून बघू लागले. मग दोन पावलं पुढे. मग खिशातून टेप काढला.

"बेन, आ पालव..." इतकंच ते म्हणाले. बाईबरोबरचे दोन दीर पुढे सरकले. मी बँकेचं ओळखपत्र काढलं, का ते अजून कळलेलं नाही. काका शांतपणे म्हणाले, "बेन, आ साडी क्यारे पहेरो छो? सणाला, का रोज?"

बाई गोंधळून म्हणाली, "रोज. सारी छे, एटले." म्हणजे, चांगली आहे, म्हणून.

काकांनी दोन्ही हात जोडले. दीरांना वाटलं माफी मागतायत, ते मागे सरले. ते जोडलेले हात माफीचे नव्हते. पदरावरचा बुट्टा त्यांच्या दुसऱ्या तुकडीतल्या कल्पनाचा होता. त्या संध्याकाळी रजिस्टरात नोंद झाली: "कल्पना. बुट्टा बसस्टॉपवर दिसला. धुण्यात टिकला. बाई सणाला नाही, रोज नेसते. सहा वार पूर्ण." रोज या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

घरी या माणसाची किंमत वेगळी. मंगलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ठेंगण्या, ठसठशीत आणि बोलायला तिखट. त्यांच्या निऱ्या नेहमी चारचौघींपेक्षा दोन जास्त असतात. सुषमाला त्याचं फार कौतुक वाटलं, म्हणून तिने एकदा कारण विचारलं. काकू म्हणाल्या, "माय, यास्नी माले एक बी साडी बिनडागनी दिधी नही. जलमभर सेकंड. डाग कुठे शे ते बघाचं, नि तितला निऱ्यासमा दडपाचा." चाळीस वर्षं काकूंनी मिलची चूक निऱ्यांत घालून चालवून नेली होती. काका तिथेच बसले होते. ते कान खाजवत म्हणाले, "पण निऱ्या साडेपाच वार आहेत हिच्या. मोजून." काकूंनी चहाचा कप जरा जोरात ठेवला.

यंदाच्या तुकडीला ट्रस्टकडून नवा फॉर्म आला. या वेळी अट होती. शिकलेल्यांपैकी निम्मे तरी डिझाइनच्या कामाला लागलेले दिसले पाहिजेत, नाहीतर खोली आणि संगणक परत. तपासायला नीताबेन येणार होत्या. त्यांची कीर्ती आधीच पोहोचली होती. आमच्याच भागातला एक वर्ग त्यांनी एकाच दुपारी बंद केला होता, कारण रजिस्टरात नावं होती आणि माणसं नव्हती.

फॉर्म भरायला काकांनी मला बसवलं. आकडे म्हणजे माझा प्रांत. रजिस्टरात वीस नावं होती. "यशस्वी" या रकान्यात मी अंदाजाने लिहिलं, चौदा.

काकांची पट्टी कागदावर आपटली. "साडेतीन."

"काका, माणसं अर्धी नसतात."

"दीपक आहे. त्याला मार्केटात नोकरी लागली. दिवसभर काय करतो? मोबाइलवरून दुसऱ्याचं डिझाइन उचलतो, रंग बदलतो, दुकानाला देतो. नोकरी पूर्ण, काम अर्धं. लिहा अर्धा."

"आणि अलकाताई? त्या तर अजून घरी खडेच चिकटवतात. त्यांना कशात धरलंय?"

"एक. पूर्ण." काकांचा आवाज चढला. "मागच्या महिन्यात तिनं ठेकेदाराला सांगितलं, मोराच्या डोळ्याचा खडा चुकीच्या जागी आहे, मोर तिरळा दिसतो. ठेकेदार म्हणाला, तुला काय करायचं? तिनं एक मोर स्वतःच्या मनानं करून दाखवला. आता सगळ्या मालावर खडा तिनं सांगितला तिथं बसतो. दहा बाया तिच्या मापानं चिकटवतात. ही कुठं भरायची तुमच्या फॉर्मात? रकाना आहे?"

रकाना नव्हता.

"काका," मी म्हटलं, "साडेतीन लिहिलं तर वर्ग बंद पडेल. सरळ आहे. चौदा लिहू, कोण मोजतंय?"

ते बराच वेळ, मापात सांगायचं तर पुरतं टोक निघेपर्यंत, पेन्सिल तासत राहिले. मग म्हणाले, "चौदा लिहिले तर बाकीच्या साडेदहांना कोण शिकवील? कागदावर तर ते शिकून बसले."

मी वजाबाकी करून पाहिली. बरोबर होती.

"जा, कपाटातून जुनं रजिस्टर आणा," ते म्हणाले. मी लोखंडी कपाट उघडलं. रजिस्टरामागे एक पांढरी घडी होती. कोऱ्या कापडाला खळ असते, ते कडक लागतं. हे मऊ होतं, जुन्या धोतरासारखं. मी उलगडलं. सबंध सहा वार पांढरं, आणि काठाच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेत जांभळ्या रंगाचं काहीतरी. फुगीर, वरती टोक. आजूबाजूला पुसट डागांचे थर, काढलेल्याचे, धुतलेल्याचे, पुन्हा काढलेल्याचे.

"ठेवा ते," काका मागून म्हणाले.

"कुणाचं आहे?"

"रजिस्टरात बघा ना."

मी पाहिलं. वीस नावं मी नुसती मोजली होती, वाचली नव्हती. क्रमांक एक: भास्कर निंबा पाटील. मागच्या तुकडीत क्रमांक एक: भास्कर निंबा पाटील. त्याच्या मागच्यातही. सहा वर्षं एकाच इयत्तेत बसलेला विद्यार्थी.

"पोरं गेली की बसतो तासभर," ते म्हणाले. "शिकतो तर नाव पाहिजे ना भो रजिस्टरात. पण हात वळत नाही. हा हात मोजायचा आहे, काढायचा नाही. काढतो, पसंत पडत नाही, धुतो. पोरांना सांगू नका."

"पण कशासाठी?"

काकांनी घडी पुन्हा नीट घातली, काठाला काठ लावून. "चाळीस वर्षं तिला सेकंडच नेसवली. म्हटलं, एक तरी माझ्या हातची. जिच्यात काही दडपावं लागणार नाही अशी. हिच्या माहेरी, आमच्याकडेही, बागाच बागा. म्हणून काठाला केळफूल." मग कपाटाला कुलूप लावून म्हणाले, "किती झाली ते विचारू नका. मापात सांगायची लाज वाटते."

त्यांना लाज वाटणारं एखादं माप असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

नीताबेन आल्या त्या दिवशी वर्गाच्या वरच्या गच्चीवर दोऱ्या बांधून सगळ्यांच्या साड्या वाळत घातल्यासारख्या टांगल्या होत्या. वारा होता. कुणाचे पाच वार भरलेले, कुणाचा दीड. अलकाताईंच्या साडीवर अकरा हिरवे. मंगलाकाकू आणि सुषमा चहा घेऊन वर आल्या होत्या. नीताबेन बारीक चणीच्या, चष्मा नाकावर, हातात टॅब. त्यांनी आधी रकाना पाहिला. साडेतीन. चष्मा वर केला. काकांनी दीपकचा अर्धा समजावून सांगितला. दीपक मान खाली घालून उभा होता, पण मध्येच म्हणाला, "बरोबर आहे, बेन. अर्धाच आहे." नीताबेननी टॅबवर तेवढं टिपून घेतलं. अलकाताईंच्या मोराची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा ऐकली.

मग त्या दोरीखालून एकेक साडी मोजत गेल्या. शेवटाला थांबल्या. रजिस्टर पाहिलं. पुन्हा मोजल्या.

"ओगणीस छे. रजिस्टरमां वीस. एक ओछुं छे. नंबर एक क्यां छे?"

नाव आहे, माणूस नाही. याच चुकीसाठी त्यांनी तो दुसरा वर्ग बंद केला होता. मी काकांच्या कानाशी लागलो, "आजारी आहे म्हणा. गावाला गेलाय म्हणा." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या संसाराचे पावणेचार वार तिथल्या तिथे अडीचवर आले असावेत.

ते सगळ्या पोरांकडे एकदा बघून खाली गेले. वर आले तेव्हा हातात ती घडी होती. दोरीवर जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतःच दोन्ही हातांत धरून पसरली. सहा वार पांढरं कापड वाऱ्यात फडफडलं आणि कोपऱ्यातलं ते जांभळं सगळ्यांना दिसलं.

"नंबर एक," काका म्हणाले. "मी."

पट्टी घेऊन सगळ्यांना नापास करणारा माणूस कापडामागे उभा होता, आणि वरून फक्त त्याचे लाल झालेले कान दिसत होते. नीताबेन जवळ गेल्या, वाकल्या. हळूच विचारलं, "आ शुं छे, काका? रींगणुं?"

रींगणुं म्हणजे वांगं.

"केळफूल, बेन."

नीताबेननी अजून एकदा पाहिलं. सहा वर्षांचे धुतलेले डाग त्यांच्या नजरेतून सुटले नसावेत, तशा त्या सुटू देणाऱ्या नव्हत्याच. मग हसू दाबत टॅबवर बोट टेकवून म्हणाल्या, "ने हजी केटली वार लागशे?"

काका चाळीस वर्षांत गुजराती सुरतींपेक्षा चांगलं बोलायला लागलेत. प्रश्न काय आहे हे त्यांना पुरतं कळलं होतं. तरी ते ताठ झाले, छाती पुढे आली आणि आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"सहा वार, बेन!"

आधी अलकाताई हसल्या, मग दीपक, मग सगळी गच्ची. नीताबेनना चष्मा काढावा लागला. या हसण्यात काकू ट्रे कठड्यावर ठेवून पुढे आल्या. ही साडी कुणासाठी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कापड चिमटीत धरून चोळून बघितलं, जसं बायका दुकानात बघतात. उलटून बघितलं. डाग शोधायची चाळीस वर्षांची सवय. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या,

"लागू द्या वार. माले काय घाई नही." आणि जरा वाकून, "वांगं चांगलं शे. देठ तेवढं मोठं काढा."

मी काकांकडे पाहिलं. पाव इंचाची चूक सोडत नाही असा माणूस. आत्ता म्हणेल, केळफूल आहे ते. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "काढतो."

पुढच्या आठवड्यात ट्रस्टचं पत्र आलं. खोली आणखी एक वर्ष राहणार होती, आणि फॉर्मला एक नवा रकाना जोडला होता: "चालू." काकांनी ते भिंतीवर चिकटवलं, पट्टी लावून, सरळ. मग रजिस्टर माझ्याकडे टाकून ते खिडकीशी जाऊन काहीतरी मोजू लागले.

नव्या तुकडीच्या पानावर क्रमांक एक होताच. भास्कर निंबा पाटील. पुढे, चालू. डिझाइनच्या रकान्यात केळफूल हा शब्द पट्टीने रेघ मारून खोडला होता, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: वांगं.